शिक्षा काढली, तिच्या जागी काय ठेवले?

रविवारी कट्ट्यावर चहा येईपर्यंत विषय पोर्तुगालला पोचला होता. आमच्यातल्या वकिलाचे म्हणणे असे, की जुलै २००१पासून तिथे स्वतःपुरता, साधारण दहा दिवस पुरेल इतका अमली पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही आणि तरीही देश नशेत बुडालेला नाही. औषधांचे दुकान चालवणारा मित्र उसळला, "शिक्षेची भीतीच गेली, तर पोरांना अडवणार कोण?"

अडवणारे तिथेही आहेत, असे वकिलाने सांगितले. पोलीस माल जप्त करतात आणि त्या माणसाला कायदा, आरोग्य व समाजकार्य जाणणाऱ्या तिघांच्या आयोगापुढे पाठवतात. विकणाऱ्याला मात्र आजही तुरुंगच आहे. १९९०च्या दशकात जेमतेम एक कोटी वस्तीच्या त्या देशात लाखभर माणसे हेरॉइनच्या आहारी गेली होती. पुढे उपचार वाढले, तशी सुईवाटे होणारी एचआयव्हीची नवी लागण झपाट्याने घटली.

"म्हणजे लागण घटली, पण नशा घटली हे कुठे सिद्ध झाले?" दुकानदाराचा हा प्रश्न मला रास्त वाटला. त्याने ओरेगॉनचाही दाखला दिला. अमेरिकेतल्या त्या राज्यात फेब्रुवारी २०२१पासून थोडासा अमली पदार्थ बाळगण्याला शिक्षेऐवजी शंभर डॉलरचा दंड ठेवला होता आणि मदतवाहिनीला फोन केला की तोही माफ होई. पण फोन करणारे फार थोडे निघाले, उपचारांचा पैसा उशिरा पोचला आणि सप्टेंबर २०२४पासून बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. त्याच काळात तिथे फेंटानिल हा हेरॉइनहूनही जहाल अमली पदार्थ पसरला होता, म्हणून सगळे खापर कायद्यावर फोडता येणार नाही, ही वकिलाची हरकतही मला पटते. माझ्या मते दोन्हीकडचा खरा फरक उपचारांच्या तयारीचा होता.

इतका वेळ गप्प असलेला मित्र तेव्हा बोलला. त्याचा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकात गर्दच्या नादी लागला होता आणि पोलिसांच्या धास्तीने आईने त्याला डॉक्टरकडे न नेता खोलीत कोंडून ठेवले होते. आपल्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला कैद आहे, तसेच स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे कलम ६४अ-ही आहे, हे वकिलाने सांगितल्यावर तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "हे आम्हाला तेव्हा कोणीच सांगितले नाही," तो म्हणाला.

दुकानदाराने आपला मुद्दा सोडला नाही. पण आपल्या तालुक्यात असे मान्यताप्राप्त रुग्णालय कुठे आहे, हे मात्र त्यानेच वकिलाला विचारले.