अंगठा सोडून बाकी सगळा जिवंत

मी टर्नर. म्हणजे होतो असं म्हणायला पाहिजे, २०१६ ला रिटायर झालो, पण कोणी काय करता विचारलं की तोंडातून अजून तेच येतं. १९७९ ला आयटीआय करून ठाण्यात वागळे इस्टेटच्या कारखान्यात लागलो आणि ३७ वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काढली. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे आणि गळ्यात पट्टे घातलेली पोरं खाली टपरीवर कटिंग पीत उभी असतात. ठाण्यात ही एक गंमतच आहे बघा, रिक्षावाला अजून नितीन कंपनी म्हणतो, गोल्डन डाईज म्हणतो, आणि मागे बसलेल्या पोरांना विचारा तिथे काय बनायचं, एकाला सांगता येणार नाही. कंपनीचं निदान नाक्याला नाव राहिलं, आम्हाला काय. जाऊ दे, रडगाणं गायला ही पोस्ट नाहीये.

पोस्ट अशासाठी की आमच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर रोज सकाळी एक फॉरवर्ड येतो. साठीनंतर जीवनाचा उद्देश शोधा, जपानी म्हातारे शंभर वर्षं कसे जगतात, छंद जोपासा, आणि खाली उगवता सूर्य. वाचून मला हसू येतं कारण मी उद्देश वगैरे काही शोधत नव्हतो, मी माझी पेन्शन शोधत होतो. ते कसं ते सांगतो, लांबण लागणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

रिटायरमेंटनंतरचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. पाचला जाग यायचीच. डबा नाही, पास नाही, सेफ्टी शूज नाहीत. उपवनला चालायला जायचो, तलावाला फेऱ्या मारून घरी आलो तरी सात वाजलेले नसायचे, मग पुढे काय? एक दिवस मी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून उंचीप्रमाणे लावले आणि वर लेबलं चिकटवली, टूल रूममध्ये आम्ही तसंच ठेवायचो. बायको बाजारातून आली, बघितलं, काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, अहो तुम्ही ३७ वर्षं सकाळी घरातून जात होतात तेव्हा आपलं बरं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी डबे परत होते तसे. साखरेच्या डब्यावर रवा हे लेबल मात्र अजून आहे, निघतच नाही, मी फेविक्विक वापरलं होतं.

मग चार महिने घोडबंदरला एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून गेलो. बारा तास उभं राहायचं आणि येणाऱ्या गाडीला सलाम करायचा. गुडघा गेला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुद्दा. आमची पेन्शन ईपीएस ९५ वाली, म्हणजे कंपनीतल्या कामगारांना पीएफ ऑफिसकडून मिळते ती, महिना २,७०० च्या आसपास. हसू नका, किमान १,००० आहे आणि ती २०१४ पासून तेवढीच आहे, त्यामुळे आमच्यात मी श्रीमंत. ती चालू ठेवायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला लागतो, की बाबा मी अजून आहे. पूर्वी कागदावर सही करायची आणि साहेबाने तुमच्याकडे बघून शिक्का मारायचा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून जीवन प्रमाण आलं, म्हणजे आधार आणि मशीनवर अंगठा. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. फक्त माझा अंगठा.

लेथवर काम केलेल्यांना सांगायला नको. कूलंटमध्ये हात, कटिंग ऑईलमध्ये हात, कास्ट आयर्नचा बुरा, आणि जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, पॉलिश करताना बोटाखाली पॉलिश पेपर. फिनिश बरोबर आहे का हे आम्ही अंगठा फिरवून सांगायचो, क्यूसीवाला, म्हणजे माल तपासणारा, मीटर लावून तेच सांगायचा. तर असा अंगठा ३७ वर्षं घासून त्याच्यावर रेषा राहणार कुठून? त्यात वयाने कातडी कोरडी पडते ती वेगळीच.

२०२१ च्या हिवाळ्यात मी मशीनवर अंगठा ठेवला आणि लाल. दुसरा अंगठा, लाल. दहाच्या दहा बोटं लावून झाली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला काका ग्लिसरीन लावून उद्या या. लावून गेलो. मग कोणी म्हणालं लिंबाने धुवा, कोणी म्हणालं व्हॅसलीन लावून रात्रभर मोजे घाला हातात, तेही केलं, बायकोला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. लाल ते लाल. चौथ्या खेपेला तो मुलगा बिचारा शांतपणे म्हणाला, काका तुम्ही सिस्टीमला दिसत नाहीये. त्याची चूक नव्हती, तो मला बघत होता, मी त्याच्या समोर उभा होतो, घामाघूम. पण सिस्टीमला दिसलो नाही आणि जानेवारीपासून पेन्शन बंद. तीन महिने. शेवटी दुसऱ्या एका ऑफिसात डोळ्याच्या मशीनवर घेतलं तेव्हा ती परत चालू झाली.

पैशाचं नाही हो. मुलगा म्हणाला मी देतो बाबा दर महिन्याला, एवढ्यासाठी कशाला खेपा घालता. त्याचं बरोबर होतं आणि तेच जास्त लागलं. २,७०० रुपये तो एका जेवणात देतो. पण ते माझ्या अंगठ्याचे होते.

पुढच्या वर्षी, २०२२ ला, मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय ईपीएसवाल्यांना पण झाली. नात तेव्हा आठवीत होती, तिने रविवारी बसून दोन ॲप टाकून दिली, एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाण. ती धडाधड बोटं फिरवत होती, मी म्हटलं थांब, मला शीट बनवू दे. कंपनीत प्रत्येक जॉबची ऑपरेशन शीट असते, ऑपरेशन दहा, ऑपरेशन वीस, कुठलं टूल, किती डेप्थ. तशी वहीत लिहून काढली. आणि बघतो तर ॲपमध्ये पेन्शनरच्या आधी विचारतात ऑपरेटर कोण, म्हणजे जो दुसऱ्याचा दाखला भरणार तो, त्याचा आधार नंबर आणि त्याचा चेहरा आधी. नात म्हणाली आजोबा ऑपरेटर तुम्हीच. माझ्या पगाराच्या स्लिपवर ३७ वर्षं तेच लिहिलेलं होतं. मी काही बोललो नाही, पाणी पिऊन आलो.

डोळे मिटा उघडा करायला सांगतं, मग हिरवा गोल फिरतो आणि झालं. पहिल्या झटक्यात. मी घरात ओरडलो, बायको म्हणाली काय लॉटरी लागली का.

तिथून आमच्या जुन्या मिलिंगवाल्या बापूंचं केलं, मग ग्राइंडिंगवाल्याचं, मग त्यांच्या बायकांचं, मग सोसायटीतल्या विधवा पेन्शनवाल्या बायकांचं. पहिल्या वर्षी सात. गेल्या वर्षी ३९. सोसायटीच्या ऑफिसात अकरा ते एक बसतो. खुर्ची कुठे ठेवायची ते मी ठरवतो, कारण मागे ट्यूब असली की चेहरा काळा येतो आणि रिजेक्ट, उजेड समोरून पाहिजे आणि मागे साधी भिंत. लेथवर पण पहिलं काम तेच असायचं, दिवा कुठे लावायचा.

ओटीपीला लोक घाबरतात आणि घाबरायलाच पाहिजे, हयातीचा दाखला अपडेट करतो म्हणून फोन करून पैसे काढणारे भरपूर झालेत. म्हणून माझा नियम, ओटीपी मला सांगायचा नाही, स्वतःच्या हाताने टाकायचा, पाच मिनिटं लागली तरी चालेल. एक आजोबा तीनदा चुकले, चौथ्यांदा बरोबर टाकला तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी बघितलं का म्हणून. मी बघितलं होतं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर ८४ वर्षांच्या आजी आहेत, लिफ्ट नाही. त्या खाली येऊ शकत नाहीत म्हणून मी वर गेलो, माझ्या गुडघ्याने चार मजले, प्रत्येक मजल्यावर थांबून. तोही एक विजयच समजा, त्याला कोणी मेडल देत नाही. आजी पलंगावर, डोक्यावरून पदर, मान खाली. कॅमेऱ्याकडे बघायलाच तयार नाहीत, म्हणाल्या परक्या माणसासमोर डोळे वर करून कशी बघू. मग त्यांच्या सुनेला फोन धरायला सांगितला आणि मी दाराबाहेर उभा राहून एकेक प्रश्न विचारत होतो. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पुनर्विवाह केला आहे का. विधवा पेन्शनला तो लागतोच, कारण लग्न केलं तर पेन्शन बंद. ८४ वर्षांच्या बाईला हे विचारायचं म्हणजे माझीच पंचाईत. मी चाचरत विचारलं. आतून आवाज आला, लिहा, अजून ठरलं नाही. सून एवढी हसली की फोन हलला आणि स्कॅन परत करायला लागला.

आता चूक पण सांगतो, नाहीतर म्हणाल आपलीच आरती चालली आहे. दुसऱ्या वर्षी बापूंचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरवरचा नंबर, मी चुकीचा टाकला. तीनाच्या जागी आठ. मोबाईलवर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, आला, आम्ही वडापाव खाल्ला, खूश. नंतर दाखला रिजेक्ट, पेन्शन बंद. बापू जिन्यातच ओरडले, येत नाही तर हात कशाला घालतोस लोकांच्या पोटात. सगळ्या मजल्यांवर दारं उघडली. मी एक शब्द बोललो नाही, काय बोलणार, ३७ वर्षांत पॉइंट झिरो टूच्या वर माझ्या जॉबचं माप चुकलं नव्हतं आणि इथे आकडाच चुकला. वही कपाटात टाकली. मुलगा फोनवर म्हणाला बरं झालं, या वयात फुकटची हमाली कोणी सांगितली होती, आता आराम करा.

हे आराम करा मला कधीच पटलेलं नाही. आराम मी सेकंड शिफ्टनंतर करायचो तेव्हा त्याला चव होती. माझं स्पष्ट मत सांगतो, म्हाताऱ्या माणसाला उद्देश नको असतो, त्याला लेट व्हायची भीती पाहिजे असते. आपण अकराच्या जागी सव्वाअकराला गेलो तर कोणीतरी खुर्चीत बसून घड्याळ बघत चिडलं पाहिजे. ते पंधरा दिवस माझ्यावर कोणी चिडलं नाही.

सोळाव्या दिवशी बेल वाजली. बापू. हातात पिशवी, पिशवीत पासबुक आणि पीपीओची कॉपी, लॅमिनेट केलेली. सॉरी वगैरे काही नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. म्हणाले, परत कर, पण या वेळी आकडा मी वाचणार, तू टाईप करणार, आणि नंतर तू वाचणार मी बघणार. बायकोने चहा टाकला. मी म्हटलं बापू हे तर फर्स्ट पीस इन्स्पेक्शन झालं. म्हणाले मग, पहिला पीस पास केल्याशिवाय लॉट लावतोस कशाला गाढवा.

तेव्हापासून बापू क्यूसी. माझ्या शेजारी बसतात, चष्मा कपाळावर, आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात, आख्ख्या सोसायटीला सगळ्यांचे नंबर पाठ होतील म्हणून मी त्यांना आता हळू वाचायला लावलंय. एकही रिजेक्ट नाही त्यानंतर. टचवूड.

मला आता अडुसष्ट चालू आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं बाकी आहे. लोकांचे डोळे मिटा उघडा करता करता स्वतःचं राहून गेलं, बायको रोज ऐकवते.

तर लोकमान्य नगर, वर्तक नगर, सावरकर नगर इकडचे जे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी. ईपीएसवाल्यांनी नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, वर्षात कधीही भरता येतो आणि भरल्यापासून वर्षभर चालतो. सरकारी पेन्शनवाल्यांचं मात्र नोव्हेंबरचं असतं, तेव्हा गर्दी असते, सकाळी लवकर या. ज्यांना उतरणं अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी पोस्टमन पण घरी येऊन करून देतात, पोस्टात चौकशी करा. माझ्याकडे येताना आधार कार्ड, पासबुक, पीपीओ नंबर आणि आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून आणा, मुलाचा नंबर जोडलेला असेल तर मुलाला घेऊन या. चष्मा पुसून. अकराला म्हणजे अकराला, बापू पावणेअकरापासून येऊन बसलेले असतात.