"मुंग्या काय, कुठेही जगतात!" अहो पण कुठल्या मुंग्या?

आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटी ग्रुपवर तो फॉरवर्ड आठवड्यात तीनदा आला, म्हणून शेवटी लिहायला बसले. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर येणार म्हणून कुणीतरी कुरकुर केली, त्यावर उत्तर म्हणून हा मेसेज. थोडक्यात म्हणणं असं: शहरात जंगलापेक्षा जास्त मुंग्या दिसतात म्हणजे जैवविविधता शाबूत आहे, मुंग्या काँक्रीटमध्येही मजेत राहतात, पडीक जागेत नाहीतरी काही नसतं, तोडली त्याच्या पाचपट झाडं लावली की हिशोब चुकता, आणि घर मोडलं तर मुंग्या दुसरीकडे जातील, त्यांना कुठे होम लोन आहे. शेवटचा जोक चांगला आहे, मान्य. बाकीचं बघू.

"शहरात जास्त मुंग्या दिसतात." दिसतात ना. पण जांभळी नाक्यावर शंभर गाड्या लागल्या आणि सगळ्यांवर नुसते कांदेच असले तर भाजी भरपूर आलीय असं म्हणाल का? मी एका रविवारी पोडियमवरच्या लॉनवर कागदाच्या तुकड्यावर थोडं गूळपाणी आणि शेजारी सुक्या जवळ्याची चिमूट ठेवून बसले (वॉचमनला वाटलं मॅडमचं काहीतरी बिनसलंय). पाचेक मिनिटांत त्या लांब पायांच्या, लांब मिशांच्या, डोकं फिरल्यासारख्या वेड्यावाकड्या पळणाऱ्या काळसर मुंग्या आल्या, पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस. मग किचनच्या ओट्यावर येतात त्या इवल्याशा, डोकं काळं आणि पोट जवळजवळ पारदर्शक, टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. तासभर बसले, दोन मुंगळे सोडले तर नवीन कुणी नाही. पुढच्या रविवारी येऊरच्या जंगलातल्या रस्त्याकडेला, झाडाखालच्या पाचोळ्याशी तेवढाच जवळा ठेवला. मुंग्या एकूण कमीच आल्या, पण मोठ्या डोक्यांच्या सैनिकांसकट फिडोले आल्या, बदामाच्या आकाराचं पोट डोक्यावर उचलून चालणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर आल्या, एकटीच फिरणारी एक डायकॅमा येऊन बघून गेली, आणि पाचोळ्यातल्या दोन-तीन बारक्या प्रकारांची नावं मला अजून लागलेली नाहीत.

भारतातल्या मुंग्यांची 2016 साली यादी झाली, तिच्यात जाती-उपजाती मिळून 828 आहेत. माझ्या लॉनवरच्या त्या दोन जाती माणसाच्या सामानाबरोबर जगभर पोचल्यात, त्या कुठल्याही गरम शहरात सापडतील. त्या आहेत म्हणून ठाण्याचा निसर्ग शाबूत, हे म्हणजे नळाला पाणी आलं म्हणून धरण भरलं म्हणण्यासारखं झालं.

"काँक्रीटमध्येही राहतात." ज्या राहतात त्याच राहतात! टॅपिनोमाच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात, घर म्हणून टाइलमागची फट चालते, स्विचबोर्ड चालतो, नर्सरीतून आणलेली कुंडी तर आवडतेच, म्हणजे आपणच पैसे देऊन त्यांना घरी आणतो. वर फवारा मारला की वसाहत फुटून दोन-तीन ठिकाणी बसते. आमच्याकडे पेस्ट कंट्रोल झाल्यावर मुंग्या किचनमधून बेडरूममध्येही आल्या त्याचं कारण हेच असणार, आणि बिल भरलं ते वेगळं.

पडीक जागेबद्दल तर मला भांडायचंच आहे. पडीक म्हणजे सातबाऱ्यावर. त्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर गवत वाळलं की जमिनीत एक भोक आणि त्याभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं कडं दिसतं, बशीएवढं. या बी गोळा करणाऱ्या मुंग्या, दाणा आत नेतात, फोल बाहेर टाकतात. त्यांना ऊन लागतं, उघडी माती लागते, गवत लागतं. आणि इथे आपली पर्यावरणवाली मंडळीही चुकतात हं, असल्या माळावर दाट झाडं लावून सावली केली की या मुंग्या तिथून हटतात. जागा हिरवी दिसते, आणि टरफलांची कडी मात्र गायब.

"पाचपट झाडं लावू." काठीला बांधलेलं रोप आणि चाळीस वर्षांचा आंबा यांची बेरीज कशी करता? टेट्रापोनेरा रुफोनायग्रा नावाची तांबूस-काळी, जबर डंख मारणारी मुंगी झाडाच्या वाळक्या लाकडात घर करते, रोपाला वाळकी फांदीच नसते. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची एकच वसाहत अनेक झाडांवर पसरते, येणंजाणं बरंचसं फांद्यांवरून. जुन्या बंगल्यांच्या आवारात जिथे आंबे एकमेकांना टेकलेत तिथे त्या भर शहरातही टिकतात, म्हणजे फॉरवर्डवाल्याचं अगदीच सगळं चूक नाही. पण पंधरा फुटांवर एकेक पाम लावून खालचा पाचोळा रोज झाडून काढायचा, ही बाग नव्हे, फर्निचर आहे.

आता होम लोन. पावसाच्या सुरुवातीला पंखवाल्या राण्या उडतात हे खरं (ट्यूबलाइटवर येणारे वाळवीचे वेगळे), पण त्या नव्या वसाहती मांडायला निघालेल्या असतात. जुनी वसाहत खणली की तिची राणी बिनपंखांची, पळणार कुठे? आणि डायकॅमाची गोष्ट तर अजून वेगळी. हिच्यात वेगळी पंखवाली राणी नसतेच, कामकरी माद्यांपैकीच एक अंडी घालते. त्यामुळे घर बदलायचं तर सगळं पायी, तेही जोडीजोडीने, जिला वाट माहीत ती पुढे आणि दुसरी मागून तिला मिशा लावत लावत. ही बाई घराच्या तोंडाशी पिसं आणि काटक्या रचते, काही ठिकाणी त्यावर जमलेलं पहाटेचं दव या मुंग्या पितात असंही पाहिलं गेलंय. आता तिला सांगा की बाई, येऊरच्या बाजूचं मोडलं, तू मिशा लावत लावत घोडबंदर रोड ओलांडून पलीकडे कोलशेतला जा, रात्री कंटेनर असतात तेवढं बघ.

मी एवढंच केलं, माळीकाकांना सांगून पंपरूममागच्या जांभळाखालचा कोपरा गणपतीपासून झाडायचा बंद ठेवला. दोन तक्रारी आल्या, "अस्वच्छता" म्हणून. मागच्या रविवारी तिथे जवळा ठेवला तर वेड्या काळ्या आल्याच आधी, पण वीसेक मिनिटांनी पाचोळ्याखालून एक मोठ्या डोक्याची फिडोले बाहेर आली आणि जवळ्याचा तुकडा ओढत परत आत गेली. फोटो ग्रुपवर टाकलाय, हलल्यामुळे जरा धूसर आलाय.