‘माणूस गेला की संस्था गेली’ हे खरं नाही

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला पाच ठिकाणांहून आला. ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेकडून, मच्छीमारांच्या गटातून, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडूनही. थोडक्यात तो असा : ‘संस्था म्हणजे एक माणूस. तो गेला की संस्था गेली. तसा माणूस घडवता येत नाही, तो जन्मालाच यावा लागतो. त्याच्या हयातीत पुढचं नाव काढलं तर भांडणं लागतात. आणि कोकणात सोपवायला तरुण आहेत कुठे?’ प्रत्येक ठिकाणी खाली ‘अगदी खरं’ची रांग.

मी सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात मच्छीमार सोसायटीवर बारा वर्षं संचालक होतो. या मजकुराने आमच्यासारख्या लहान संस्थांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

‘तो गेला की संस्था गेली’ हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. आमचे सेक्रेटरी बावीस वर्षं एकहाती काम बघत होते. प्रामाणिक माणूस, एका पैशाचा घोळ नाही. मदतनीस घ्यायचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा उत्तर तेच : ‘मी आसंय मां, तुमी कित्याक काळजी करतास?’ एका जुलैत, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायला दहा-बारा दिवस असताना, ते झोपेतच गेले. कुठल्या नौकेचा परवाना कधी संपतो, डिझेलच्या करपरताव्याचे कागद कुठवर पोचलेत, बर्फ कारखान्याचं देणं किती, सगळं त्यांच्या डोक्यात. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्यांच्या खाजगी मोबाइलवर. बँकेत सही त्यांची आणि चेअरमनची, तिसऱ्या कोणाचीच नाही. तेरावं व्हायच्या आत आम्ही दोघे संचालक त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींकडे तो फोन मागितला. त्यांनी काही न बोलता आणून दिला. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे.

पण आम्हाला अडवलं कशाने? त्यांच्यासारखा माणूस नव्हता म्हणून आम्ही अडलो नाही. त्यांनी केलेलं काम दुसऱ्या कोणाला दिसलंच नव्हतं, म्हणून अडलो. आणि तो दोष एकट्या त्यांचा नाही. बावीस वर्षं निर्धास्त राहिलेल्या संचालक मंडळाचा, म्हणजे माझाही.

संस्था खरोखरच एका माणसाइतकी असती, तर १८२८ साली सुरू झालेलं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आज उघडं दिसलं नसतं. तिथे पुस्तक घ्यायला जाणाऱ्या किती जणांना पहिल्या कार्यवाहांचं नाव सांगता येईल?

‘माणूस घडवता येत नाही’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या लोकांनी पुढे पाठवावं, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. आपल्याकडे तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, जन्माला येतो का? पोरगा आधी खलाशी म्हणून चढतो. भात शिजवतो, जाळी ओढतो, उलट्या काढतो. मग एखाद्या रात्री तांडेल आडवा होताना त्याच्या हाती सुकाणू देतो आणि जवळच झोपतो. डोंगराच्या खुणा, पाण्याची ओढ, वाऱ्याची बदलती दिशा तो पोरगा हाताने शिकतो. आता जीपीएस आला तरी हे शिकणं सुटलेलं नाही. तांडेल नौकेवर असतानाच दुसऱ्याने सुकाणू धरायचं, चुकला तर लगेच सांगायला माणूस शेजारी. नौकेवर जे कळतं ते ऑफिसात शिरल्यावर आपण का विसरतो?

थोरामोठ्यांनीही हेच केलं. दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेले धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम १८९६ साली, महिला विद्यालय १९०७ साली, आणि पुढच्याच वर्षी या संस्थांना वाहून घेणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून निष्काम कर्म मठ. तेव्हा ते पन्नाशीचे होते. त्यानंतर ते चोपन्न वर्षं जगले. म्हणजे पुढच्या माणसांची तजवीज त्यांनी थकल्यावर केली नाही, ऐन भरात असताना केली. आश्रमाच्या कामात आणि वर्गणी गोळा करण्यात पुढे आलेल्या पार्वतीबाई आठवले देवरुखच्या, स्वतः विधवा. त्या शिकल्या आणि उभ्या राहिल्या त्या आश्रमातच.

भांडणाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. एकाच माणसाचं नाव आधी जाहीर केलं की गट पडतात, हे मीही पाहिलं आहे. पण मग नाव जाहीर करू नका. सोसायटीत चेअरमन तर निवडणुकीनेच ठरतो, समितीची मुदत पाच वर्षांची, तिथे वारस नेमायचा प्रश्नच नाही. तयारी करायची असते कामाची, आणि ती दोघा-तिघांची एकदम करता येते. गुहागरच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९१५ साली अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले. त्यांच्या भारत सेवक समाजाला तेव्हा दहा वर्षंही पुरी झाली नव्हती. गांधीजींना सदस्य करून घ्यावं की नाही यावर सदस्यांत मतभेद झाले आणि गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. अध्यक्ष झाले श्रीनिवास शास्त्री. मद्रासकडचे, गोखल्यांशी रक्ताचं नातं नाही, पण १९०७ पासून समाजात काम केलेले. मतभेद झाले तरी संस्था मोडली नाही.

उलट, विषय टाळल्याने जी भांडणं लागतात ती कोर्टापर्यंत जातात. सार्वजनिक न्यासात विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. वारलेल्या विश्वस्तांची नावं शेड्युल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीत, तशीच राहिलेली देवस्थानं आपल्या भागात कमी नाहीत. मागचा बदल मंजूर नाही म्हणून पुढचा अडतो, आणि मग दोन घराणी ‘खरे विश्वस्त आम्हीच’ म्हणत उभी राहतात.

‘तरुण उरले नाहीत.’ मुलगे मुंबईला जातात, हे कोण नाकारेल? पण गावात राहिलेल्या सुनांकडे, मुलींकडे आपण बघतो का? बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणारी बाई सोसायटीच्या ऑफिसात मात्र फक्त सही करायला येते. निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी आहेत, त्यातले कितीतरी बँकेत, पोस्टात आयुष्य काढलेले. सगळं काम पेलणारा एकच तरुण शोधला तर तो मिळणार नाही. काम पाच तुकड्यांत वाटलं तर पाच जण गावातच मिळतात.

आम्ही शेवटी तेच केलं. सोसायटीच्या नावाने मोबाइल नंबर घेतला. बँकेत सह्या तिघांच्या ठेवल्या, त्यातल्या कुठल्याही दोन चालतात. महिन्याच्या कोणत्या तारखेला कुठलं काम, कोणाला भेटायचं, कागद कुठल्या फायलीत, याची वही केली. आणि नवीन सेक्रेटरीने वर्षातून पंधरा दिवस रजा घ्यायचीच, असा ठराव केला. रजा बंदीच्या काळात नाही, ऐन ऑक्टोबरात. नौका बंदरात उभ्या असताना ऑफिस चाललं तर त्यातून काय कळणार? सेक्रेटरी आता गावातलीच एक सून आहे. पहिल्या वर्षी तिच्या रजेत तिला आम्ही सोळा फोन केले. प्रत्येक फोनचं कारण वहीत चढवलं. गेल्या ऑक्टोबरात एकच फोन करावा लागला, बर्फाच्या उधारीसाठी. ती उधारी वहीत नव्हती. आता आहे.