चारही ट्रॅक एकाच फेरीत का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

चार ट्रॅकच्या कॅसेटवरचं काम संगणकावर कसं आणावं, या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: (इंटरफेस म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणारी पेटी) "चार इनपुटांचा इंटरफेस वगैरे थोतांड आहे. साध्या डेकवर दोन्ही बाजू वाजवा, दुसरी बाजू संगणकात उलटी करा, वेग दुप्पट करा, झालं. टेपला कधी हात न लावलेली माणसं असे लेख लिहून लोकांना खर्चात पाडतात." पुढे संगणकात लेटन्सी (आवाज उशिरा ऐकू येणं) त्रास देते आणि टेपचा गोडवा हरवतो, अशा अर्थाचंही एकेक वाक्य आहे.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो, कारण तेच मला लागलं. तुम्ही मला ओळखत नाही. लेखात एकाही दुकानाचं नाव नाही, कुठली वस्तू विकत घ्या असंही म्हटलेलं नाही. चार इनपुट हवेत एवढंच म्हटलंय, मग ते उसने आणलेत तरी चालतील. टेपला हात लावण्याबद्दल म्हणाल तर पोर्टास्टुडिओची (टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनची) हेडं पुसणं, सैल पडलेले बेल्ट काढून नवे चढवणं, टेप पुढे सरकवणारा रबरी पिंच रोलर बदलणं हे मी वर्षानुवर्षं करत आलो आहे आणि आजही करतो. पद्धत पटली नाही तर जरूर सांगा. पण थेट हेतूवर शंका घ्यायची आणि वर 'थोतांड' म्हणायचं, ही चर्चा करायची रीत नव्हे.

तुमची युक्ती अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. साध्या कॅसेटवरही चारच पट्टे असतात, दोन या बाजूचे आणि दोन त्या बाजूचे; चार ट्रॅकचं मशीन ते चारही एकाच दिशेने भरतं. त्यामुळे पहिल्या बाजूला ट्रॅक १ आणि २ सरळ येतात. कॅसेट उलटली की डावीकडे ४ आणि उजवीकडे ३, दोन्ही उलटे वाजतात. फक्त दोनच ट्रॅक भरलेले असतील, डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणारं सर्किट) बंद असेल आणि घरातल्यांना ऐकवण्यापुरतं हवं असेल, तर चालेल. इतपत मान्य.

आता "वेग दुप्पट करा, झालं" हे वाक्य घेऊ. टॅस्कॅम १४४, २४४ ही मशीनं सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाने चालतात. साधा डेक ४.७६ ने. (फॉस्टेक्स एक्स-१५ चा वेग साधाच आहे, तिथे दुप्पट केलंत तर गाणं चिरकेल.) अर्ध्या वेगाने वाजवलं की सगळे सूर एक सप्तक खाली येतात, पण डेकचं इक्वलायझेशन (वाजवताना खालचे-वरचे सूर ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करणं) आपल्या जागी राहतं. क्रोम टेपसाठी त्याचा बदलबिंदू साधारण २२७० हर्ट्झवर असतो. वेग दुप्पट केल्यावर तो ४५४० वर जाऊन बसतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यातला ५० हर्ट्झचा भाग डेकमधून २५ हर्ट्झ होऊन जातो आणि तिथे बऱ्याच डेकांचा जीव संपलेला असतो. मग डग्गा पोकळ वाजतो आणि दोष मायक्रोफोनला दिला जातो.

डीबीएक्सचा तर तुम्ही उल्लेखच केला नाहीत. ते आवाज भरताना डायनॅमिक्स (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर) निम्मं दाबतं आणि वाजवताना दुप्पट उघडतं. साध्या डेकमध्ये उघडणारं सर्किटच नसतं, त्यामुळे हार्मोनियमचा प्रत्येक सूर सुटताना मागची खरखर उसळून वर येते. बाहेरून डीकोडर जोडलात तरी त्याचे फिल्टर आणि वेळा खऱ्या वेगासाठी आखलेल्या असतात, अर्ध्या वेगाच्या आवाजावर ते चुकीचंच उघडणार. शिवाय मळलेल्या हेडमुळे ट्रेबल २ डीबी कमी आलं, तर उघडल्यावर फरक ४ डीबीचा होतो.

हे सगळं एकवेळ सोसता येईल. जुळवणी मात्र सोसता येत नाही. दोन फेऱ्यांमध्ये वेगाचा फरक फक्त ०.१ टक्के पडला, तरी चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी पाव सेकंदाची तफावत होते. ती एकसारखी वाढली असती तर एकदा ताणून भागलं असतं, पण तसं होत नाही. गाण्याच्या ज्या जागी पहिल्या फेरीत देणारं रीळ भरलेलं होतं, तिथेच उलटल्यावर घेणारं रीळ भरलेलं असतं. ताण बदलतो, घसरण दुसऱ्या दिशेने होते. वर फ्लटर (टेपच्या वेगातली बारीक थरथर) आहेच. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेला तबला आणि तबल्याचा स्वतःचा ट्रॅक यांत ३०-४० मिलिसेकंद पडले की प्रत्येक 'ना' दोनदा ऐकू येतो. ओळीओळीला कापून जुळवत बसलात, तर इंटरफेस आणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जाईल.

म्हणून ज्या मशीनवर भरलंय त्याच मशीनवर, एकाच फेरीत. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. मशीन तेच असेल तर अ‍ॅझिमथच्या (हेडचा टेपशी कोन ठरवणाऱ्या) स्क्रूला हात लावू नका. पिच कंट्रोल मधोमध ठेवा, डीबीएक्स भरताना होतं तसंच ठेवा. चार टेप आउटांपासून चार आरसीए वायरी थेट लाइन इनपुटात जोडा. मिक्सरच्या स्टिरिओ आउटमधून घेऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात मोठा आवाज -१२ डीबीच्या आसपास राहू द्या. टेपवर काटा लालीत गेलेला कानाला चालतो, संगणकात मात्र आवाज थेट फाटतो. सी-६० कॅसेटवर या वेगाने एका दिशेला १५ मिनिटं मावतात, म्हणजे चार ट्रॅक मिळून सुमारे ५२० एमबी. लॅपटॉपला चार्जर लावल्यावर ५० हर्ट्झची घरघर आली, तर त्या फेरीपुरतं बॅटरीवर चालवा. या वायरींचा खर्च लेखात धरलेला नव्हता, तो धरायला हवा, हेही मान्य.

लेटन्सीचा प्रश्न वाजवत वाजवत नवा ट्रॅक भरताना येतो, टेप उतरवताना नाही. तिथेही १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांचाच असतो. आणि टेपचा गोडवा टेपवर भरतानाच उतरलेला असतो, नीट वाजवलीत तर तो संगणकातही येतो. यावर अधिक लिहीत नाही.

पुढे लिहिणार असाल तर तुमचं मशीन कोणतं आणि डीबीएक्स चालू ठेवून भरलं होतं की नाही, एवढं आधी कळवा. त्याशिवाय "झालं" असं कुणालाच म्हणता येणार नाही.