सुंदरीपासून जगसीरपर्यंत

एप्रिल २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमानला ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी गेलो होतो. मंडपातली भाषणं आता फारशी आठवत नाहीत. आठवतो तो गुरुद्वाऱ्याच्या पायऱ्यांवर बसलेला एक म्हातारा शेतकरी. मी महाराष्ट्रातून आलोय हे कळल्यावर त्याने डोळे मिटून बाबा नामदेवांचा एक शबद अथपासून इतिपर्यंत म्हटला आणि मला खुणेने सांगितलं, आता तुम्ही म्हणा. मला येत नव्हता. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे शाळेपासून ऐकत आलो होतो, पण त्यातलं एकही पाठ नव्हतं. समोरच्या भिंतीवर गुरुमुखीत जे लिहिलं होतं, त्यातलं अक्षरही वाचता आलं नाही.

घरी आल्यावर गुरुमुखी शिकलो. मूळ अक्षरं पस्तीस, म्हणून तिला 'पैंती' म्हणतात. देवनागरी येणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. तेव्हापासून पंजाबी साहित्य वाचतोय, आणि एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे, ती इथे लिहितो.

शीख इतिहास म्हटलं की आपल्याला तलवार, बलिदान आणि नांदेड आठवतं. भाषेचा इतिहास आठवत नाही. महाराजा रणजितसिंहांचं राज्य पंजाब्यांचं, पण दरबाराचा कारभार फारसीत चाले. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दू आणली. म्हणजे बाबा फरीद, गुरू नानक, बुल्ले शाह आणि वारिस शाह ज्या भाषेत बोलले, तिला स्वतःच्या मुलखात ना दरबार मिळाला ना कचेरी. शिकलेला पंजाबी माणूस घरात पंजाबी बोलायचा आणि कागदावर उर्दू लिहायचा. राजिंदरसिंह बेदींसारखा लेखकसुद्धा उर्दूचाच झाला.

मग ही भाषा टिकली कशी? माझ्या मते, ग्रंथसाहिबाची लिपी गुरुमुखी होती म्हणून. १८७३ मध्ये अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होणार असल्याचं जाहीर केलं आणि सगळा समाज हादरला. त्याच वर्षी अमृतसरला सिंह सभा ही शीख सुधारकांची संघटना उभी राहिली. लुधियान्याचे मिशनरी गुरुमुखीत पुस्तकं छापतच होते. सभेने तेच हत्यार उचललं: छापखाना, वर्तमानपत्र, छोट्या पुस्तिका. लाहोरला 'खालसा अखबार' चालवणारे ग्यानी दित्तसिंह त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातून आलेले होते, हे आवर्जून सांगायला हवं. अमृतसरला भाई वीरसिंह होते. १८९८ मध्ये त्यांची 'सुंदरी' आली. पंजाबीतली पहिली कादंबरी म्हणून तीच ओळखली जाते.

अठराव्या शतकातल्या मोगली छळाचा काळ. पळवून नेलेली एक हिंदू मुलगी शीख होते, जंगलातल्या जथ्यात राहते, जखमींची सेवा करते आणि शेवटी ज्याची शुश्रूषा केली त्याच्याच घावाने मरते. आपल्याकडे त्याच दशकात हरिभाऊ आपटे 'उषःकाल' लिहीत होते. पारतंत्र्यात दोन्ही भाषांतल्या कादंबरीला इतिहास जवळचा वाटला. कादंबरी म्हणून 'सुंदरी' मला कच्ची वाटते. माणसं एक तर धुतल्या तांदळासारखी, नाही तर पार काळी. पण घराघरांत ती मोठ्याने वाचली गेली. ज्या भाषेत अर्जसुद्धा लिहिता येत नव्हता, तिच्यात कादंबरी लिहिता येते हे तिने दाखवलं. हे ऋण फार मोठं आहे.

पण त्याची किंमतही मोजावी लागली. पंजाबी म्हणजे गुरुमुखी आणि गुरुमुखी म्हणजे शीख, असं समीकरण बसत गेलं. पंजाबी बोलणाऱ्या मुसलमानांनी उर्दू आपली मानली, हिंदूंनी हिंदी. १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेत तर घरात पंजाबी बोलणाऱ्या असंख्य हिंदूंनी मातृभाषा म्हणून हिंदी लिहवली. आईच्या भाषेला कागदावर नाकारायचं! मला हे वाचताना आजही गलबलून येतं. आणि सरहद्दीपलीकडे, जिथे पंजाबी बोलणारे सर्वांत जास्त आहेत, तिथल्या शाळांत उर्दूच राहिली.

म्हणून मला ते लेखक सर्वांत थोर वाटतात, ज्यांनी भाषा या समीकरणातून सोडवली. नानकसिंह १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत होते, वय बाविशीच्या आसपास. प्रेतांच्या ढिगाखाली बेशुद्ध पडून वाचले. पुढच्या वर्षी त्यांनी 'खूनी विसाखी' हे दीर्घकाव्य लिहिलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्यात हिंदू, मुसलमान आणि शीख यांचं रक्त एकत्र सांडलेलं आहे.

अमृता प्रीतम फाळणीत लाहोर सोडून आली. डेहराडून-दिल्ली प्रवासात रेल्वेच्या डब्यात तिने 'हीर' ही प्रेमकथा लिहिणाऱ्या वारिस शाहला हाक घातली: पंजाबची एक लेक रडली तर तू इतकं लिहिलंस, आज लाखो लेकी रडताहेत. या कवितेवर तिला शिव्याही मिळाल्या. हाक मुसलमान कवीला का, गुरू नानकांना का नाही, असं शीख मंडळींनी विचारलं. कम्युनिस्ट म्हणाले, लेनिनला का नाही? तिला भाषेतला पूर्वज हवा होता, आणि पंजाबच्या लेकीचं दुःख मांडणारा पूर्वज वारिस शाहच होता. या एका निवडीसाठी मी तिच्यापुढे नतमस्तक आहे.

आणि गुरदयालसिंह. जैतोचे, सुतार घरातले, लहानपणी शाळा सोडून रंधा हातात घेतलेले. १९६४ ची त्यांची 'मढी दा दीवा' मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. जगसीर हा 'सीरी' आहे, म्हणजे आपला सालदार. मालक धरमसिंह भला माणूस, पण त्याच्या मुलाला ते जुने संबंध ओझं वाटतात. शेतातल्या टाहलीच्या झाडाखाली जगसीरच्या बापाची मढी आहे, म्हणजे विटांची लहानशी समाधी. मुलगा ते झाड तोडायला लावतो. जमीन कधी जगसीरची नव्हतीच, आता सावलीही गेली. 'सुंदरी'नंतर सासष्ट वर्षांनी पंजाबी कादंबरीत ना लढाई आहे, ना धर्मवीर. एक भूमिहीन माणूस आहे, आणि तो काहीही न जिंकता मरतो. गुरूंनी जात नाकारली, तरी गावाने ती ठेवली, हे एका शीख लेखकाने शिखांच्या गावाबद्दल लिहिलं. गुरूंवरची निष्ठा मला इथे जास्त खरी दिसते.

कवी पाशबद्दल लिहायला गेलो तर हात थांबणार नाही. खलिस्तानी अतिरेक्यांनी त्याला २३ मार्च १९८८ ला, भगतसिंगांच्या हौतात्म्यदिनी, त्याच्याच गावात गोळ्या घातल्या. पंजाबीत लिहिणाऱ्या कवीला, पंजाबच्याच नावाने.

कुणी थेट पंजाबीतून मराठीत अनुवाद करत असेल, तर कमेंटमध्ये कळवा. मला भेटायचं आहे. 'मढी दा दीवा' मी आधी हिंदीतून वाचली होती. आता मूळ पंजाबीतून घेतली आहे. शब्दकोश शेजारी ठेवून रोज दीड-दोन पानं होतात. झाड अजून उभं आहे.