‘वर्गात नुसत्या टाळ्या’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या मराठी शुद्धलेखनाच्या वर्गात दोन महिने होऊनही मुलगी ‘दुध’, ‘फुल’ असंच लिहिते, वर्गात नुसत्या टाळ्या वाजवून घेतात आणि चुकलेला शब्द १० वेळा लिहायला देत नाहीत, असं आपण लिहिलंय. फी भरणाऱ्या पालकाने हे विचारायलाच हवं, म्हणून सविस्तर सांगतो.

१० वेळा लिहायला आम्ही मुद्दामच देत नाही. मूल पहिली ओळ फळ्याकडे बघून लिहितं आणि नंतरची प्रत्येक ओळ वरच्या ओळीकडे बघून. तिसऱ्या ओळीत उकार बदलला की पुढे सगळी चूकच घोटली जाते.

मुळात ‘दुध’ येतं कुठून? मुलांच्या वाचनात ‘दुधात’, ‘दुधाची’, ‘फुलं’, ‘फुलांचा’ ही रूपं सतत येतात. तिथे पहिला (ऱ्हस्व) उकार बरोबरच आहे. तोच ती मूळ शब्दाला लावतात. म्हणून आम्ही शब्द जोडीने म्हणून घेतो: दूध-दुधात, मीठ-मिठात, वीट-विटा, बहीण-बहिणीला. टाळ्या त्यासाठीच. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. फरक कानाला कळला की मगच पाटी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दुसरा, आणि प्रत्यय लागला की पहिला, हे मग सांगावं लागत नाही.

घरी शुद्धलेखन घालताना मात्र शब्द ताणू नका. ‘भीं...त’ असं सांगितलं तर मूल ‘भींत’च लिहिणार. मराठी शब्दांत अनुस्वाराआधी आणि जोडाक्षराआधी वेलांटी किंवा उकार पहिलाच: भिंत, चिंच, किल्ला, मुक्काम.

शब्दाच्या शेवटी दीर्घ: पाणी, लाडू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘परंतु’ अशी अव्ययं अपवाद. आपल्या गोव्यात ‘आणि’ बसायला जास्त वेळ लागतो, कारण देवनागरी कोंकणीत ‘आनी’ लिहितात आणि मुलं दोन्ही भाषा वाचतात. कोंकणीत ते बरोबरच आहे, म्हणून त्यावर लाल रेघ न मारता आम्ही दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

सगळ्यात अवघड ‘गुण’, ‘विष’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. बोलताना आपण ‘गूण’ म्हणतो, त्यामुळे इथे कान फसवतो, टाळीही उपयोगाची नाही. ते डोळ्यांनीच लक्षात ठेवायचे. दूध-दुधात पक्कं होण्याआधी हे शब्द दिले तर दोन्हींचा गोंधळ होतो, म्हणून आम्ही घाई करत नाही.

मुलीची वही एकदा नीट बघा. ‘दुधात’ बरोबर आणि ‘दुध’ चूक असेल, तर जोड्यांचा सराव अजून हवा. ‘दूधात’ दिसू लागलं तर काळजी नको. दीर्घ उकार तिला सापडलाय, प्रत्यय लागल्यावर तो ऱ्हस्व होतो एवढंच राहिलंय. रोज १० मिनिटं, ५ जोड्या: आधी मोठ्याने म्हणायच्या, मग न बघता लिहायच्या, आणि चूक तिची तिलाच शोधू द्यायची. येत्या शनिवारी वर्ग सुटल्यावर वही घेऊन या, तिघांनी बसून पाहू.