एज केस म्हणे

आज दुपारी एका पीआरवर (म्हणजे कोडमधला बदल, तपासायला माझ्याकडे आलेला) मी इतकी लांबलचक कमेंट टाकली की समोरच्या पोराने वेगळा मेसेज करून विचारलं, "तू चिडलीयेस का माझ्यावर?" नाही रे बाबा. म्हणजे चिडलेच आहे, पण तुझ्यावर नाही. तिथे सगळं लिहिता येत नव्हतं म्हणून इथे लिहितेय. ज्यांना वेबसाइटचे फॉर्म कसे बनतात यात काडीचा रस नाही त्यांनी खुशाल पुढे जा, पण फॉर्म भरता तर तुम्हीही, तेव्हा वाचलंत तर बरंच.

झालं काय, तर आमच्याकडे इमारतींच्या देखभालीच्या तक्रारी नोंदवायचं एक जुनं ॲप्लिकेशन आहे. त्यात 'तक्रारीचा प्रकार' असा एक ड्रॉपडाउन, म्हणजे क्लिक केलं की उघडणारी पर्यायांची यादी. वर्षानुवर्षं त्यात कोणी ना कोणी पर्याय घालत गेलं, यादी ही एवढी झाली, मग क्लायंट म्हणाला साफ करा. पोराने मास्टर टेबलमध्ये, म्हणजे पर्यायांच्या मूळ तक्त्यात, नको असलेल्या पर्यायांचा ॲक्टिव्ह फ्लॅग (चालू की बंद ही खूण) शून्य केला, डेटाबेसमधून यादी आणणाऱ्या क्वेरीत 'ॲक्टिव्ह असलेलेच आणा' अशी अट टाकली, नवीन तक्रारीचा फॉर्म उघडून बघितला, यादी एकदम स्वच्छ. टेस्टिंगमध्ये पण पास. मी विचारलं, जुनी तक्रार एडिटला उघडली तर? जिच्यात आत्ता काढलेला पर्याय निवडलेला आहे, तिथे काय दिसेल? तर म्हणाला, "तो एज केस आहे गं, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू." म्हणजे क्वचितच घडणारी गोष्ट, कामाच्या पुढच्या हप्त्यात बघू.

एज केस. माझी आई एज केस आहे.

सांगते. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आम्ही दोघी एका ऑफिसच्या साइटवर (नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही) तिचं प्रोफाइल भरत बसलो होतो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, ती शेजारी चष्मा लावून. तिसऱ्या टॅबवर 'वैवाहिक स्थिती' आलं आणि माझा हात थांबला. तिच्याकडे न बघता स्क्रीनकडेच बघत बसले. तर तीच म्हणाली, "निवड की. विधवा आहे ना त्यात? तेच." तिने कुठल्याही कागदावर तो शब्द मान्य करायची ती पहिलीच वेळ होती. एक क्लिक. डेटाबेसमध्ये एक आकडा. बास.

पुढे चार वर्षांनी तिचा मोबाइल नंबर बदलला. तोवर बाई स्वतः लॉगिन करायला शिकल्या होत्या, मला न विचारता गेली, पहिल्या टॅबवर नंबर बदलला, सेव्ह केलं, ओटीपी टाकला, आणि अभिमानाने त्याची प्रिंट काढली. प्रिंटवर काय? वैवाहिक स्थिती: अविवाहित.

मला फोन आला. आधी हसत होती, "अगं, छत्तीस वर्षं संसार केला आणि हे म्हणतायत लग्नच नाही झालं." मग म्हणाली, "मी कुठे काय चुकीचं दाबलं का गं?" आणि गप्प झाली.

ते गप्प होणं मला अजून जात नाही.

संध्याकाळी मी घरी जाऊन तिच्या लॉगिनने ते पान उघडलं आणि सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघितला. ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय. अविवाहित, व्हॅल्यू १. विवाहित, २. घटस्फोटित, ४. जोडीदार हयात नाही, ५. तीन नव्हता. तीन म्हणजे 'विधवा'. तीन म्हणजे आई. कोणीतरी शहाण्याने विधवा आणि विधुर असे शब्द नकोत म्हणून एक नवीन, जरा माणुसकीचा पर्याय घातला होता. तो बदल चांगलाच आहे हो, मी पण तेच केलं असतं. पण नवा ५ घातला, जुना ३ बंद केला, आणि ज्यांच्या रेकॉर्डमध्ये ३ होता त्यांना ५ वर न्यायचं राहून गेलं. दोन ओळींचं मायग्रेशन होतं ते. दोन ओळी!

आता यात ब्राउझर काय करतो ते बघा, कारण ब्राउझरचं काही चुकत नाही हीच खरी गंमत आहे. सर्व्हरवरून पान आलं, कुठल्याच पर्यायावर 'सिलेक्टेड' लिहिलेलं नाही, कारण ३ शी जुळणारं कोणी यादीत नाहीच. साधा एकच पर्याय निवडायचा ड्रॉपडाउन असेल तर अशा वेळी ब्राउझर पहिला चालू पर्याय निवडून मोकळा होतो, आणि सेव्ह दाबलं की न उघडलेल्या टॅबवरचं पण सोबत जातं. हा नियम आजचा नाही, १९९५ साली एचटीएमएल २ चं (एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा) स्पेसिफिकेशन आलं त्यात लिहिलंय, काहीच निवडलेलं नसेल तर पहिला पर्याय निवडलेला धरा. मधे एचटीएमएल ४ वाल्यांनी ते मोघम ठेवलं होतं, पण शेवटी गाडी तिथेच आली. म्हणजे तीस वर्षं झाली, आणि तीस वर्षं आपण त्याच दगडाला ठेचकाळतोय. रेडिओ बटणं असती तर निदान सगळी रिकामी तरी दिसली असती. चार पर्यायांसाठी ड्रॉपडाउन कशाला लागतो हाही एक प्रश्नच आहे, पण तो राहू दे.

आणि तुम्ही म्हणाल सर्व्हरवर व्हॅलिडेशन असतं ना. असतं. असायलाच हवं, कारण डेव्हटूल्स (ब्राउझरमधलीच पान तपासायची साधनं) उघडून कोणीही ऑप्शनची व्हॅल्यू बदलून काहीही पाठवू शकतो, त्यामुळे आलेली व्हॅल्यू यादीतली आहे का ते सर्व्हरने तपासलंच पाहिजे. पण इथे आलं काय? १. 'अविवाहित'. एकदम वैध व्हॅल्यू! व्हॅलिडेशन टाळ्या वाजवून आत घेणार. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये लाल काही नाही. कचरा आला असता तर पकडला गेला असता, हा तर नीटनेटका कपडे घालून आलेला खोटेपणा आहे.

वर ऑडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंदवही. आम्ही हेल्पडेस्कला फोन केला तर तिकडून शांतपणे ऐकवलं, "मॅडम, आमच्याकडे बदल केल्याची नोंद आहे, अमुक तारखेला, तुमच्याच लॉगिनमधून झालाय." बदल करणार, आई. म्हणजे जिने तो टॅब उघडलाही नाही तिच्याच नावावर पावती फाडली. आणि फोन स्पीकरवर होता, ती ऐकत होती, आणि खरंच तिला वाटायला लागलं की आपणच काहीतरी केलं.

मान्य, सेव्ह करायच्या आधी माणसाने पूर्ण फॉर्म बघावा. बघतं कोण? तुम्ही बघता? मी तर याच धंद्यात आहे, मी नाही बघत.

हे सगळं त्या पोराला कसं सांगायचं? मी फक्त एवढंच लिहिलं की आपल्या यादीत अकारविल्हे पहिला पर्याय कुठला आहे ते बघ. त्याने बघितला. 'आग लागणे.' म्हणजे कोणा बिचाऱ्याने तीन वर्षांपूर्वी जिन्यातला दिवा बंद म्हणून तक्रार टाकलेली, आज कोणी तिच्यातला फोन नंबर दुरुस्त करून सेव्ह केलं की ती आगीची तक्रार होणार. मग वर्षाच्या शेवटी रिपोर्ट निघणार, आगी वाढल्यात, मीटिंग लावा. इथे तो हसला, मी पण हसले. आईच्या वेळी असं हसायला काही नव्हतं.

बरं, कोणी म्हणेल हल्ली सगळं रिॲक्टमध्ये (वेबपानं बनवायची एक लायब्ररी) असतं, तिथे असं होत नाही. होतं, वेगळ्या तऱ्हेने होतं. स्टेटमध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या आठवणीत, जुनी व्हॅल्यू तशीच बसलेली असते आणि स्क्रीनवर पहिला पर्याय दिसतो. म्हणजे माणूस बघतोय 'अविवाहित' आणि सेव्ह होतंय ३. डेटा वाचला म्हणून आनंद मानायचा की दिसतंय ते खोटं म्हणून रडायचं, तुम्ही ठरवा. त्यात परत ड्रॉपडाउनमधून जे हातात येतं ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, आकडा नाही, त्यामुळे तीन बरोबर 'तीन' जुळत नाही म्हणून ट्रिपल इक्वलवाल्यांचे (प्रकारासकट काटेकोर तुलना करणाऱ्यांचे) जे हाल होतात त्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी.

मला राग कशाचा येतो सांगू का? आपण 'यादी' आणि 'उत्तर' यात फरकच करत नाही. यादी आपली असते, ती रोज बदला, रंगवा, निम्मी करा. उत्तर त्या माणसाचं असतं. त्याने एकदा दिलेलं. देशांचंच घ्या. स्वाझीलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं, आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा दोन अक्षरी कोड एसझेड तसाच राहिला, कोड साठवला असेल तर लेबल बदललं की काम झालं, ज्यांनी अख्खं नावच साठवलं ते बसले शोधत. पण चेकोस्लोव्हाकिया? १९९३ च्या पहिल्या दिवशी तो देशच संपला. आजच्या यादीत तो नको, बरोबर. पण 'जन्म कुठल्या देशात' याचं उत्तर चेकोस्लोव्हाकिया असलेली माणसं काय त्या दिवशी संपली? आणि कहर म्हणजे त्याचा सीएस हा कोड नंतर चक्क सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला, पुढे २००६ मध्ये तेही वेगळे झाले आणि तोही गेला. आता कोणाच्या जुन्या डेटात नुसतं 'सीएस' असेल तर ओळखा पाहू. बंद झालेल्या कोडांसाठी आयएसओला वेगळा भागच काढावा लागला, ३१६६ या देशांच्या कोडांच्या मानकाचा तिसरा भाग. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या लोकांना कळलंय की गेलेली गोष्ट पण नोंदीत ठेवावी लागते. आम्हाला एक फ्लॅग कळत नाही.

इथे थोडा श्वास घेते.

कारण खरं सांगायचं तर हेच मी स्वतः केलंय. नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, एका एचआरच्या सिस्टिममध्ये, अगदी हीच अट, 'ॲक्टिव्ह असलेलेच आणा', वर मॅनेजरने शाबासकी पण दिली होती क्वेरी किती सुटसुटीत झाली म्हणून. वर्षभराने नोकरी बदलली. त्या फॉर्मवर कोणाचं काय बदललं मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. कोणीतरी कुठेतरी प्रिंट हातात धरून विचारलं असेल, मी काही चुकीचं दाबलं का. आईच्या फोनपर्यंत माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं. त्यामुळे त्या पोरावर ओरडायचा मला तसा काही हक्क नाही, तरी ओरडले.

त्याने तासाभरात दुरुस्ती पण पाठवली. जुना पर्याय यादीत परत आणला, पण 'डिसेबल्ड' करून, म्हणजे दिसेल पण नव्याने कोणी निवडू शकणार नाही. कल्पना छान. फक्त डिसेबल्ड पर्याय निवडलेला असला तरी फॉर्मबरोबर जातच नाही! ते फील्डच गायब होतं, आणि आमचा सर्व्हर न आलेल्या फील्डला बिनदिक्कत नल, म्हणजे रिकामं, करतो. आगीतून निघून फुफाट्यात. त्याला हे दाखवलं तेव्हा तो पाच मिनिटं नुसता बघत होता, मला माझेच जुने दिवस आठवले.

शेवटी बसून दोघांनी मिळून केलं. क्वेरीत अट अशी की ॲक्टिव्ह असलेले, किंवा या रेकॉर्डमध्ये आत्ता जो आहे तो. जुन्या पर्यायापुढे कंसात 'बंद' असं दिसेल, पण तो निवडलेला राहील आणि पाठवला जाईल. सर्व्हरवर पण तीच अट, जुनी व्हॅल्यू चालेल पण आधीपासून तीच असेल तरच. सगळ्यात वर रिकाम्या व्हॅल्यूचा 'निवडा' आणि फील्ड अनिवार्य, म्हणजे जुळलं नाहीच काही तर माणसाला विचारेल, परस्पर ठरवणार नाही. आणि जे फील्ड बदललंच नाही ते अपडेटमध्ये घालायचंच नाही, हे खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं पण तेवढं या आठवड्यात होणार नाही, ठीके. क्लायंट म्हणेल यादी पूर्ण साफ नाही झाली. म्हणू दे. रिपोर्टमध्ये जुनी नावं दिसत राहतील हे त्याचं म्हणणं चूक नाही, पण मग मॅपिंग करून द्या, कुठलं जुनं कुठल्या नव्यात जाणार ते, आम्ही एका रात्रीत नेऊन ठेवतो.

आईचं नीट व्हायला दोन अर्ज आणि सव्वा महिना लागला. दुसऱ्या अर्जाबरोबर बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत परत जोडायला लावली. जो दाखला आम्ही चार वर्षांपूर्वी तिथेच अपलोड केला होता.

तेव्हापासून ती त्या साइटला हात लावत नाही. "तूच कर, मी दाबलं की काहीतरी बदलतं." जी बाई स्वतः लॉगिन करून प्रिंट काढायला शिकली होती ती. काल रात्री तिचा पत्ता बदलायचा होता म्हणून मी बसले, पहिल्या टॅबवर पत्ता टाकला, आणि सेव्ह करायच्या आधी तिसऱ्या टॅबवर जाऊन बघितलं. 'जोडीदार हयात नाही' होतं. मागे वळले तर ती चष्मा लावून उभी.

"आहे ना तेच?"

आहे, म्हटलं.

"मग दाब."